लस घेऊनही रोटा का झाला? आतड्यातल्या विषाणूंच्या बदलांविषयी

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा आहे. थोडक्यात असा: नातू सव्वा वर्षाचा. रोटा, म्हणजे लहान मुलांना जुलाब लावणारा विषाणू, त्याच्या लशीचे तिन्ही डोस वेळेवर झालेले. तरी यंदा थंडीत उलट्या-जुलाब लागले, बेळगावात नेऊन सलाईन लावावं लागलं, आणि शौचाच्या तपासणीत रोटाच निघाला. शेजारच्या कुणी सांगितलं, ‘विषाणू बदललाय, जुनी लस आता चालत नाही.’ हे खरं का? खरं असेल तर महिन्याभराच्या नातीला लस कशाला द्यायची? आणि पोलिओ देशातून गेला म्हणतात, तर त्याचे थेंब अजून का पाजतात?

बाई, आधी सरळ उत्तर देतो. विषाणू बदलतो हे खरं आहे. पण तुमच्या नातवाला आजार झाला तो त्या बदलामुळे, हे बहुधा खरं नाही. नातीला लस द्याच.

आता कारणं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं आणि बेळगावातच प्रयोगशाळेत शौचाचे नमुने तपासण्यात आयुष्य घालवलं. ‘विषाणू बदलला’ हे वाक्य मी पालकांकडून ऐकलं, पुढाऱ्यांकडून ऐकलं आणि पाण्याची जबाबदारी असलेल्या माणसांकडूनही ऐकलं. ते प्रत्येक वेळी तपासून घ्यावं लागतं, कारण आतड्यात राहणारे विषाणू एकाच रीतीने बदलत नाहीत. कुणी तुकड्यांची अदलाबदल करतो, कुणी बाहेरचं रूप पालटत राहतो, कुणी लसीतूनच निघून पुन्हा मूळ स्वभावावर जातो, आणि कुणी वर्षानुवर्षं जवळपास आहे तसाच राहतो. कुठला विषाणू कसा बदलतो हे कळलं की त्याच्याशी काय करायचं तेही ठरवता येतं.

रोटा 1973 मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्याच्या तुकड्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याचा आनुवंशिक मजकूर आरएनए नावाच्या रेणूत लिहिलेला असतो, आणि आरएनएची नक्कल करणारं विकर केलेलं काम पुन्हा वाचून दुरुस्त करत नाही. त्यामुळे काही हजार ते काही लाख अक्षरांमागे एखादी चूक राहून जाते. जुलाब जोरात असताना मुलाच्या एक ग्रॅम शौचात अब्जावधी कण असतात. इतक्या प्रतींत इतक्या चुका म्हटल्यावर एका मुलाच्या पोटातही एकच एक रोटा नसतो, थोड्याफार फरकांच्या प्रतींचा जमाव असतो.

पण रोटाचा मोठा बदल या बारीक चुकांतून येत नाही. त्याचा मजकूर 11 वेगवेगळ्या तुकड्यांत असतो. एकाच पेशीत दोन निराळे रोटा एकदम शिरले, तर बाहेर पडणाऱ्या कणांत तुकड्यांची सरमिसळ होते. गावातल्या क्रिकेट स्पर्धेत दोन संघांचे खेळाडू एकत्र करून त्यातून नवे अकरा निवडावेत, तसं. या तुकड्यांपैकी दोन आपल्या दृष्टीने महत्त्वाचे, कारण विषाणूच्या बाहेरच्या आवरणावरची दोन प्रथिनं त्यांच्यावर लिहिलेली असतात. त्यांवरून जी आणि पी असे प्रकार पाडतात. जी1पी8, जी2पी4, जी9पी8, जी12पी8 अशी नावं अहवालात दिसतात ती याचीच.

आपल्याकडे ही सरमिसळ माणसांपुरती राहत नाही. खानापूरच्या पट्ट्यात घराला लागूनच गोठा असतो, बाळाला तेल लावणारे हात आणि शेण काढणारे हात पुष्कळदा तेच असतात. गाई-म्हशींच्या वासरांनाही त्यांचा रोटा होतो. याचा पुरावा भारतातूनच जगापुढे आला. बेंगळुरूमध्ये नवजात बाळांत आय321 नावाचा रोटा सापडला. त्याचे 11 पैकी 9 तुकडे गुरांच्या रोटाचे आणि दोनच माणसाच्या रोटाचे होते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नवजात बाळांमध्ये 116ई सापडला. त्यात उलट प्रकार: 10 तुकडे माणसाच्या रोटाचे, एक गुरांच्या. दोन्ही ठिकाणी बाळं ठणठणीत होती, त्यांना जुलाबही नव्हते. 116ई झालेल्या बाळांना पुढे रोटाचा जोरदार आजार कमी होतो असं दिसलं, म्हणून बालरोगतज्ज्ञ महाराजकृष्ण भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विषाणूचा पाठपुरावा केला. त्यातूनच रोटावॅक लस तयार झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या रोटासिलमध्येही गुरांच्या रोटावर माणसाच्या पाच प्रकारांचं एकेक आवरण-प्रथिन बसवलेलं आहे. गोठ्यातल्या आणि पाळण्यातल्या विषाणूंचं हे मिश्रण निसर्गाने आधी केलं आणि माणसाने ते कामाला लावलं, याचं मला आजही नवल वाटतं.

आता तुमच्या मूळ शंकेवर येतो. प्रकार इतके आणि रोटावॅकमध्ये विषाणू एकच, तर बाकीच्या प्रकारांपासून संरक्षण कसं मिळणार? दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथे सुमारे 6,800 बाळांवर या लसीची चाचणी झाली. पहिल्या वर्षात रोटाचा तीव्र आजार साधारण 56 टक्क्यांनी कमी झाला, आणि लशीतल्यापेक्षा वेगळ्या प्रकारांविरुद्धही संरक्षण दिसलं. म्हणजे शरीर नुसत्या आवरणाकडे पाहत नाही, आतल्या प्रथिनांचीही ओळख ठेवतं.

मग उरलेल्या 44 टक्क्यांचं काय? यात विषाणूपेक्षा आपल्या मुलांच्या आतड्याचा आणि परिसराचा वाटा मोठा आहे, असं माझं मत आहे. त्याला आधार आहे. एका परदेशी कंपनीची लस युरोपात तीव्र आजार 90 टक्क्यांहून जास्त रोखते, तीच आफ्रिकेतल्या मलावीत पहिल्या वर्षात 49 टक्क्यांवर आली. लस तीच, मुलं निराळ्या परिस्थितीतली. वेल्लोरच्या वस्त्यांत जन्मापासून तीन वर्षं मुलांवर लक्ष ठेवून केलेला अभ्यास तर मला याहून बोलका वाटतो. मेक्सिकोत दोनदा नैसर्गिक रोटा होऊन गेलेल्या मुलांना पुढे मध्यम किंवा तीव्र आजार झालाच नाही. वेल्लोरला तीन संसर्गांनंतरही संरक्षण 79 टक्केच होतं. शिवाय एका प्रकारचा रोटा होऊन गेला म्हणून त्याच प्रकारापासून जास्त संरक्षण मिळालं, असंही तिथे आढळलं नाही. प्रकार बदलल्यामुळेच मुलं पुन्हा आजारी पडत असती, तर हे चित्र असं दिसलं नसतं. लहानपणापासून सतत होणारे जंतुसंसर्ग, त्यांनी सुजलेलं आतडं, आईकडून आलेली आणि लशीच्या विषाणूला आधीच पकडणारी प्रतिपिंडं, आणि एकाच वेळी भरपूर विषाणू पोटात जाणं, ही कारणं इथे जास्त लागू पडतात.

तुमच्या नातवाला डोस मिळाले नसते तर काय झालं असतं, हे एका मुलापुरतं कुणीच सांगू शकत नाही. पण शंभर-दोनशे मुलांचा विचार केला तर लस घेतलेल्यांत सलाईनपर्यंत जाणारी मुलं कमी असतात, हे ठामपणे सांगता येतं. देशात जी1पी8 मागे पडून जी3पी8 पुढे आला हे खरं आहे. पण त्याची सुरुवात लस सगळीकडे पोहोचण्याआधीच झाली होती. सरकारी कार्यक्रमात लस 2016 मध्ये हिमाचल प्रदेश, हरियाणा, ओडिशा आणि आंध्र प्रदेश या चार राज्यांत पहिल्यांदा आली. त्याही आधी दर काही वर्षांनी प्रकारांची अशी उलथापालथ होतच होती.

‘विषाणू बदलला’ हे वाक्य खऱ्या अर्थाने लागू पडतं ते नोरोव्हायरसला. 1968 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोच्या नॉरवॉक गावात शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली, त्यावरून हे नाव पडलं. लग्नाच्या किंवा जत्रेच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी पंगतच्या पंगत उलट्या करू लागली की आपण बासुंदीला दोष देतो. दोष कधी तिचा असतोही, पण पुष्कळदा तो वाढप्याच्या किंवा आचाऱ्याच्या हातावरच्या नोरोचा असतो. त्याचा जीआयआय.4 हा प्रकार 1990 च्या दशकाच्या मध्यापासून दर दोन-चार वर्षांनी नवं रूप घेऊन जगभर फिरला. 2002, 2004, 2006, 2009 आणि 2012 ही त्याच्या नव्या रूपांची ठळक वर्षं. लोकांत एका रूपाविरुद्ध प्रतिकार तयार झाला की आवरणावरची नेमकी तीच जागा बदललेला विषाणू पुढे सरकतो. म्हणून नोरो एकाच माणसाला पुन्हा पुन्हा होऊ शकतो, आणि म्हणूनच त्याची लस करणं इतकं अवघड गेलं आहे. पाचातल्या साधारण एका माणसाच्या आतड्यात, एका जनुकातल्या फरकामुळे, नोरोला चिकटायला लागणारी साखर तयारच होत नाही. तसे लोक बऱ्याच प्रकारांपासून जन्मतःच सुरक्षित असतात. म्हणजे विषाणूची विविधता आहे तशी माणसांचीही आहे. एक व्यवहाराची गोष्ट: नोरोवर हाताला लावायचं अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणीच लागतं.

पोलिओचं उत्तर लांब द्यावं लागेल. तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्यात शंकेला जागा राहू नये असं मला मनापासून वाटतं.

देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला, आणि 27 मार्च 2014 ला भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. पोलिओचे प्रकार तीनच. दुसऱ्याचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जगात सापडला तो 1999 मध्ये आपल्या अलीगढला. तिसरा 2012 नंतर कुठेच दिसला नाही. पहिला अजून अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात शिल्लक आहे.

थेंबांच्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो दुबळा आहे तो मोजक्या अक्षरांच्या बदलामुळे. बाळाच्या आतड्यात वाढताना त्यातली काही अक्षरं पूर्ववत होतात, आणि तो शौचावाटे बाहेर पडतो. आजूबाजूच्या मुलांना डोस झालेले असतील तर त्याचा प्रवास तिथेच थांबतो. नसतील तर तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात राहतो. वाटेत त्याच कुळातले दुसरे आतड्याचे विषाणू भेटले तर त्यांच्या मजकुराचे भागही उचलतो आणि शेवटी पुन्हा लुळेपणा आणण्याइतका बळावतो. पोलिओच्या मजकुरात वर्षाला साधारण 1 टक्का अक्षरं बदलतात. प्रयोगशाळेत याच गतीचा घड्याळासारखा उपयोग होतो. आवरणाच्या एका प्रथिनाची सुमारे 900 अक्षरं वाचायची आणि लशीपेक्षा किती बदलली ते मोजायचं. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात 10 किंवा जास्त, दुसऱ्यात 6 किंवा जास्त अक्षरं बदललेली दिसली, तर हा विषाणू बराच काळ माणसांत फिरतो आहे असं धरतात आणि यंत्रणा कामाला लागते. 2022 मध्ये न्यूयॉर्कजवळ लस न घेतलेल्या एका तरुणाला असाच पोलिओ झाला, आणि त्या विषाणूचा माग सांडपाण्यातून काढला गेला. मुंबईत तर सांडपाण्यातून पोलिओ शोधण्याचं काम 2001 पासून चालू आहे.

म्हणून 2016 मध्ये लशीतून दुसरा प्रकार काढून टाकला, आणि त्याची उणीव भरून काढायला सुईची निष्क्रिय लस आली. आता ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा, हाताच्या कातडीत अगदी थोडी, देतात. तिच्यातला विषाणू मेलेला असतो, त्यामुळे तो बदलण्याचा प्रश्नच येत नाही. पण ती आतड्यात थेंबांइतका अडसर उभा करत नाही. थेंब आणि सुई दोन्ही का, त्याचं कारण हे. ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं, वीटभट्टीवरची मुलं, दोन गावांच्या मधल्या पालावरची मुलं यांचे डोस चुकले की विषाणूला फिरायला मोकळी वाट मिळते. पोलिओ रविवारी बूथवर बसणाऱ्या आशाताई त्या मुलांसाठी पालापर्यंत चालत जातात, ते यासाठीच.

आता जो बदलत नाही त्याच्याविषयी. कावीळ हा आपल्या भागातला जुना आजार. 2012 मध्ये निपाणीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या इचलकरंजीत हिपॅटायटिस ई या काविळीच्या विषाणूची मोठी साथ आली होती. दिल्लीत 1955-56 च्या साथीत सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली, ती याच विषाणूने. मोठ्यांना तो सहसा बरा होऊन जातो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जीवघेणा ठरतो. आरएनए याचाही आहे, चुका यालाही होतात. तरीही कित्येक दशकांच्या साथींतले भारतीय विषाणू जनुकप्रकार 1 मध्येच मोडतात, आणि एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्यालाही ओळखतात. भारतातल्या डुकरांत जनुकप्रकार 4 सापडतो, म्हणजे गटारीतल्या डुकरांवर या साथींचं खापर फोडता येत नाही. साधी, म्हणजे हिपॅटायटिस एची, कावीळही तशीच: एकदा झाली की पुन्हा होत नाही, कारण तिच्या विषाणूचं बाहेरचं रूप बदलत नाही.

म्हणून काविळीच्या साथीत कुणी ‘नवा विषाणू आलाय’ म्हणालं की मी ते मान्य करत नाही. तिथे बदललेलं काही असेल तर ती जलवाहिनी. नळाला दोन-चार दिवसांआड पाणी सोडलं की मधल्या काळात पाइप रिकामा राहतो, आणि शेजारच्या गटाराचं पाणी फुटक्या जोडातून आत ओढलं जातं. बेळगावच्या काही भागांत 2008 मध्ये चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला. त्याकडे लोक सोय म्हणून पाहतात, मी रोगप्रतिबंध म्हणून पाहतो. सतत दाबाने भरलेल्या पाइपात बाहेरची घाण सहज शिरत नाही.

थोडं विषयांतर करतो. आपल्या पोटातले बहुतेक विषाणू माणसाला काहीच करत नाहीत. ते आपल्या जिवाणूंवर जगतात. 2021 मध्ये जगभरच्या 28,000 हून जास्त नमुन्यांतून अशा विषाणूंचे सुमारे 1,42,000 जनुकसंच संगणकाने वेगळे काढले, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त तोवर कुणी पाहिलेले नव्हते. एकाच माणसाचा अडीच वर्षं पाठपुरावा केला तेव्हा त्याच्या पोटातले बहुतेक विषाणू तेच राहिले, पण काही इतक्या झपाट्याने बदलले की शेवटी त्यांना नवी जात म्हणावं लागलं. आणि 2006 मध्ये माणसाच्या शौचात सगळ्यांत जास्त सापडलेला आरएनए विषाणू निघाला मिरचीच्या झाडाचा! तो तिखटातून पोटात जातो आणि बाहेर येऊनही रोपाला लागण करू शकतो. पाण्यात मैला मिसळला आहे का, हे ओळखायला आता अनेक देशांत तो वापरतात. संकेश्वरी मिरची रोज खाणाऱ्या आपल्या भागात ही खूण चांगली चालेल, असं मला वाटतं.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेबद्दलही बोललं पाहिजे. चंदगडचा रुग्ण बेळगावला येतो, निपाणी-कागवाडचा कोल्हापूर-मिरजेला जातो. दूधगंगा आणि कृष्णा महाराष्ट्रातून इकडे कर्नाटकात वाहतात. पण रोटाचा प्रकार, काविळीची साथ, सांडपाण्याचा नमुना यांची नोंद ज्या राज्याच्या दवाखान्यात होते, त्याच राज्याच्या खात्यात जाते. त्यामुळे एकाच खोऱ्यातल्या विषाणूचं अर्धं चित्र बेंगळुरूला राहतं आणि अर्धं मुंबईला. नमुन्यावर दवाखान्याच्या नावाबरोबर रुग्णाचं गाव आणि तालुका लिहिला, आणि लगतच्या जिल्ह्यांनी त्या नोंदी दर महिन्याला एकमेकांना दिल्या, तर खर्च जवळपास काहीच नाही. हे मी बैठकांतून मांडत आलो आहे आणि इथेही मांडतो.

आता नातीचं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाच्या सुईबरोबरच रोटाचे डोस पाजून घ्या. पहिला डोस वर्षाच्या आत सुरू व्हायला हवा, नंतर तो सुरू करत नाहीत. अंगावरचं दूध डोसाच्या आधी किंवा नंतर बंद ठेवायची गरज नाही. नातवाच्या शौचातून विषाणू जुलाब थांबल्यावरही काही दिवस पडत राहतो, म्हणून त्याची शी उघड्या गटारीत न टाकता संडासात टाका, आणि त्यानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय नातीला घेऊ नका. नातवाला पुन्हा जुलाब लागले तर पहिल्या जुलाबापासूनच ओआरएस सुरू करा, आणि झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, पूर्ण 14 दिवस द्या. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी ती मध्येच सोडू नका. मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले, लघवी सहा तास झाली नाही किंवा शौचात रक्त दिसलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि नातवाचा तपासणी अहवाल लसीकरण कार्डासोबत तुमच्या आरोग्यसेविकेला दाखवून ठेवा. लस घेतलेल्या बाळाला रोटा झाल्याची प्रत्येक नोंद, त्याचा प्रकार कोणता होता हे कळण्यासाठी, वरपर्यंत जायला हवी.